वाकलेल्या माणसाचं माप

तात्या,

तुमच्या तेराव्याला दारातल्या मांडवात बसले होते. आजूबाजूला बायका तुमच्याबद्दलच बोलत होत्या आणि प्रत्येकीचा तात्या वेगळा होता. एक म्हणाली, तुम्ही तिच्या सासऱ्याची कोपरी तीन वेळा उसवून शिवली. दुसरी म्हणाली, पाच वेळा. तिसरीच्या मते ती कोपरी नव्हतीच, सदरा होता. सवयीने मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मग गप्प बसले. तुम्ही तिथे असता तर नक्की म्हणाला असता की सांगू दे तिला, ऐकायला बरं वाटतंय.

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळंच. मी तुमच्याशी खोटं बोलले होते, तात्या. कापूस वेचायच्या पिशव्यांचं काम झाल्यावर तुम्ही फोनवर सरळ विचारलं होतं, "सांगितलंस का तिकडं, चुकी तुझी व्हती म्हून?" आणि मी "हो" म्हणाले. सांगितलं नव्हतं. त्यानंतर तुम्हाला खरं सांगायला मला आठ महिने मिळाले, एकदा तर समोरासमोर बसून चहा प्यायलो, तरी माझी जीभ उचलली नाही. आता तुम्ही नाही आहात आणि मी कागदावर बोलते आहे. लगेच त्या मुद्द्यावर यायचा धीर होत नाही, म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं बोलू. तुम्हाला तरी कुठे आवडायचं सरळ मुद्द्यावर यायला.

बारावी झाल्यावर मी पुण्याला निघाले तेव्हाची गोष्ट आठवते का? बाबांनी मला तुमच्या दुकानात पाठवलं होतं, नवीन दप्तर शिवून घ्यायला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, निळ्या रंगाची, दोन कप्प्यांची पिशवी पाहिजे. तुम्ही मशीनवरून मानही वर केली नाही. म्हणालात, जुनं दप्तर आण, आणि धुवू नकोस. मला भयंकर लाज वाटली, कारण त्या दप्तराला शाईचे डाग होते आणि तळाला वरणाचा वास होता. तरी आणलं. तुम्ही ते टेबलावर उताणं केलं, आतली बाजू बाहेर काढली आणि इतका वेळ बघत बसलात की मला वाटलं, पिशवी आता काही होत नाही. मग म्हणालात, उजव्या खांद्याला अडकवतेस, एसटीत मांडीवर आडवं घेतेस, आणि डबा उभा राहत नाही म्हणून वरण सांडतं. हे कोणाला सांगितलं का नाहीस?

तात्या, वरण सांडतं ही सांगायची गोष्ट असते हेच मला ठाऊक नव्हतं. डबा सांडला की आई मला वेंधळी म्हणायची आणि मीही स्वतःला तेच म्हणायचे. पाच वर्षं मी त्या दप्तराचा दोष माझ्या डोक्यावर घेऊन फिरत होते. तुम्ही मला डबा उभा राहील असा वेगळा कप्पा करून दिलात. पुढे डिझाइनच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं की वस्तू चुकीची असली तरी माणूस स्वतःलाच बोल लावतो. सगळे वहीत लिहून घेत होते. मी लिहिलं नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजारात, पत्र्याच्या दुकानात ते मला आधीच कळलं होतं.

मग मी नोकरीला लागले आणि तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगायला आले की मला लोक वस्तू कशा वापरतात हे बघायचा पगार मिळतो. त्याला यूजर रिसर्च म्हणतात. तुम्ही दोरा दातात धरून ऐकलंत, दोरा तोडलात आणि विचारलंत, "मंग आमी काय करून राह्यलो इतके दिस?" दुकानात बसलेली माणसं हसली. मीही हसले, पण मनातून जरा चिडलेच होते.

खरंच, तुम्ही काय करत होता? बाकीचे शिंपी माणसाला ताठ उभं करून माप घेतात. तुम्ही आधी विचारायचात, काम काय करतोस? ऊस तोडणारा असला की म्हणायचात, वाक. कोयता धरल्यासारखा हात कर. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत एखादा दांडगा गडी तुमच्या दुकानापुढे ओणवा झालेला असायचा, पोरंसोरं फिदीफिदी हसायची आणि तुम्ही शांतपणे त्याच्या पाठीवर टेप धरून उभे. दिवसभर जो वाकलेला असतो त्याचं उभं माप घेऊन मी काय करू, असं तुमचं म्हणणं. बायकांची मापं पडद्याआड काकू घ्यायच्या आणि तुम्ही बाहेरून सूचना द्यायचात, आता हात वर करायला लाव, आता खाली बसायला लाव. काकू वैतागून म्हणायच्या, झंपर शिवायचाय का कवायत घ्यायचीय? पण तो झंपर काखेत कधी उसवला नाही.

हे सगळं कुठे शिकलात असं मी एकदा विचारलं होतं. तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. तुमचे वडील कळप घेऊन गोदावरीच्या काठाकाठाने शहागडच्याही पुढे जायचे. घरात शिलाई मशीन आणणारे तुम्ही पहिले. तुम्ही म्हणालात, मेंढरू काही बोलत नाही. कुठं दुखतंय ते त्याच्या मागून चालल्यावर दिसतं, म्हणून लहानपणापासून मागून चालायची सवय लागली. मी ते वाक्य ऑफिसात कितीतरी वेळा सांगितलंय. तुमचं नाव मात्र कधी घेतलं, कधी नाही.

आणि तुमच्या गोष्टी. त्यावरून आपलं कायम भांडण. तुम्ही शिवून दिलेल्या प्रत्येक कपड्यामागे एक गोष्ट असायची आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकावीच लागायची. ती चष्म्याची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन. एका म्हाताऱ्याच्या कोपरीला तुम्ही नेहमीसारखा डाव्या बाजूला आतून खिसा लावला. त्याने काही तक्रार केली नाही. पुढे वडीगोद्रीच्या स्टँडवर तुम्हाला तो दिसला, एका शाळेच्या पोरीला विनवत होता की बाळ, माझ्या खिशातला चष्मा काढून दे, एसटीची पाटी वाचायचीय. त्याचा उजवा हात खांद्यातून वळतच नव्हता. दुकानात त्याचं माप तुम्ही ताठ उभं करूनच घेतलं होतं, म्हणून ते दिसलं नव्हतं. तुम्ही तिथल्या तिथे त्याची कोपरी मागून घेतलीत, उघड्या अंगावर त्याला आपलं उपरणं दिलंत, आणि दुसऱ्या दिवशी खिसा बाहेरून, खाली, हात सहज जाईल तिथे लावून ती घरपोच दिलीत.

पण तात्या, तुमच्या सांगण्यात तो म्हातारा कधी वडीगोद्रीला असायचा, कधी शहागडला. कधी त्याचा खांदा दुखायचा, कधी बोटं वाकडी असायची. चष्म्याची एकदा तर तंबाखूची चंची झाली. मी चिडून म्हणाले होते, हे असं चालत नाही, माझ्या कामात असं केलं तर लोक हाकलून देतील. नाव लपवा, पण बाकीचं जसंच्या तसं पाहिजे. आणि एका म्हाताऱ्यावरून सगळ्या म्हाताऱ्यांचं ठरवता येत नाही, पंधरा-वीस जणांना विचारावं लागतं. तुम्ही मशीन थांबवून माझ्याकडे बघितलंत.

"त्याचं गाव बराबर सांगितलं तर लोकं त्याला हसत्याल. म्हून गाव बदलतो, हात बदलतो. चुकलं कोन, तेवढं बिलकुल बदलत न्हाई."

हे खरं होतं. तुमची प्रत्येक गोष्ट "मी चुकलो" पासून सुरू व्हायची. त्यात तुम्ही कधी शहाणे ठरला नाहीत, शहाणा ठरायचा तो म्हातारा नाहीतर ती बाई. तरीही तपशील बदलण्याबद्दल मला तुमचं पटलेलं नाही, आजही नाही. वीस जणांना विचारावं हे माझं म्हणणंही मी सोडलेलं नाही. या दोन्ही गोष्टींवर अजून तास-दोन तास भांडता आलं असतं आपल्याला. काकूंनी दोनदा चहा केला असता आणि तिसऱ्यांदा मागितल्यावर आपल्याला हाकलून लावलं असतं.

असो. आता पिशव्या.

आमच्या ऑफिसकडे एक काम आलं, कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी पिशवी तयार करायचं. मी हात वर केला. माझं गाव, माझी माणसं, मला काय कोणी शिकवायचंय. आपल्याकडच्या बायका कमरेला कापड बांधून त्याची ओटी करतात आणि वेचलेला कापूस त्यात टाकतात. ओटी लहान. ती भरली की उठायचं, वावराच्या कडेला ढिगापर्यंत चालत जायचं, रिकामी करायची आणि परत यायचं. मी गणित मांडलं की ह्या खेपांमध्ये वेळ जातो. पिशवी मोठी केली तर खेपा निम्म्या होतील. मी चित्र काढून तुमच्याकडे आले आणि तुम्ही तशा तीस पिशव्या शिवल्यात. एकदाच विचारलंत, एवढी मोठी? मी तुम्हाला खेपांचं गणित सांगितलं. तू शिकलेली आहेस, बरोबर असेल, असं म्हणून तुम्ही मशीनला पाय लावलात. तो विश्वास होता की गंमत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पिशव्या वाटल्या. वेचणी सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण ऑफिसला अहवालाची घाई होती. बायकांना कशी वाटली हे विचारायला मी घरोघर गेले. सोबत बचत गटाची संगीता होती. गावात कोण कुठे राहतं, कोणाचं कोणाशी पटतं, हे तिला पाठ, म्हणून ऑफिसने तिला कामापुरतं मदतीला घेतलं होतं. प्रत्येक घरात पाट मांडला गेला, चहा झाला, आईची चौकशी झाली. प्रत्येक बाईने पिशवीवरून हात फिरवून सांगितलं, लई चांगली हाय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संगीता चालता चालता थांबली आणि म्हणाली, "ताई, ह्या बाया तुमच्या तोंडावर वाईट बोलणार न्हाईत. वेचणी सुरू झाल्यावर आपून दोन दिस वावरात जाऊन बघू." मी म्हणाले, वेळ नाही. पहाटेची गाडी होती. पुण्याला जाऊन मी लिहिलं की सोळा जणींपैकी सोळा जणींना पिशवी आवडली.

वेचणी सुरू झाल्यावर तुमचा फोन आला. ये, पण कोणाला काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं, एवढंच म्हणालात. मी आले. त्या सोळा जणींतल्या गयाबाईंचा गट वेचत होता त्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात तुम्ही मला नेऊन बसवलंत. माझ्या पिशव्या दिसल्या. एक पिशवी बाभळीखाली अंथरली होती आणि तिच्यावर कोणाचं तरी लेकरू झोपलं होतं. एकीत भाकरी बांधून फांदीला टांगली होती. एक घडी करून पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवली होती. आणि बायका कमरेला जुन्या ओट्या बांधून वेचत होत्या. मी उठायला लागले तर तुम्ही हाताने खाली बसवलंत.

तासभर बसलो. पहिली काही मिनिटं मी रागाने बघत होते, मग नुसतं बघायला लागले. गयाबाईंची ओटी भरायची. त्या कमरेवर हात ठेवून हळूहळू ताठ व्हायच्या. ढिगाकडे चालत जायच्या. ओटी झटकायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, झोपलेल्या लेकराच्या तोंडावरची माशी हाकलायच्या, तिकडून येणाऱ्या जावेशी दोन शब्द बोलायच्या आणि परत जाऊन वाकायच्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी ज्यांना वाया जाणाऱ्या खेपा म्हटलं होतं, त्या मोजायचं सोडून पहिल्यांदाच बघत होते.

दुपारी भाकरीला बसलो तेव्हा मी न राहवून विचारलंच. गयाबाई आधी हसल्या, तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही मान हलवल्यावर बोलल्या. "आगं, वटी भरली की उठाया भेटतं. तुझी पिशवी भरतच न्हाई. भरली तर कंबर वढती. कापूस तेवढाच, पाठ जाती ती जाती."

मग तेव्हा का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाल्या, माहेरी आलेल्या लेकीनं हौसेनं काही आणलं तर त्याला नावं कशी ठेवायची? आणि बरोबरच होतं ते. माझ्या आईने माझ्या आत्याने आणलेल्या साडीला कधी नावं ठेवली नाहीत, आवडली नाही तर ट्रंकेत ठेवून दिली. हे मला जन्मापासून माहीत होतं. कोणी परकी बाई पुण्याहून आली असती तर तिने निदान शंका तरी घेतली असती. मी गावचीच म्हणून मला खरं सांगतील असं मी धरून चालले, आणि मी गावचीच म्हणून मला कोणी खरं सांगितलं नाही.

परत येताना तुम्ही मला एका शब्दाने टोचलं नाहीत. उलट खुशीत होतात. गयाबाईंची जुनी ओटी मागून आणली होती, अर्थातच न धुता, आणि ती टेबलावर पसरून आपण बघत बसलो, कापड कुठे झिजलं, गाठ कुठे काचते. त्याच मापाची पिशवी तुम्ही शिवलीत. तेवढीच भरणारी, पट्टा रुंद, आणि ढिगापाशी एका हाताने सुटणारी. तशाच पिशव्या सगळ्यांना वाटल्या. महिन्याभराने बायका त्या दुरुस्तीला घेऊन यायला लागल्या तेव्हा तुम्ही मला फोन केलात, "फाटून आल्यात." इतक्या आनंदाने कोणी आपली शिवण फाटल्याची बातमी दिलेली मी ऐकलेली नाही.

तुमचं एकच सांगणं होतं. ही गोष्ट तिकडे सांग. गयाबाईंचं नाव बदल, गाव बदल, चूक तुझी होती तेवढं ठेव.

मी गेले आणि सांगितली. मोठ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर. फार चांगली सांगितली, तात्या. गयाबाई कमरेवर हात ठेवून ताठ होतात तिथे मी मुद्दाम थोडी थांबले. एक तपशील चुकवला नाही. वावर, धुरा, घागर, लेकरू, सगळं जसंच्या तसं, माझ्या नियमाप्रमाणे. फक्त सुरुवातीला "मी चुकले" असं म्हणायचं होतं तिथे "पहिल्या फेरीत वेगळं चित्र मिळालं" असं म्हणाले. मग आमच्या साहेबांनी विचारलं, पहिल्या फेरीत असं कसं झालं? तिथल्या मदतनीस बाईंनी नीट विचारलं नसेल ना? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, शक्य आहे.

दोनच शब्द. तेवढ्यावर भागलं. पुढच्या कामाला संगीताला बोलावलं नाही. तुम्ही तपशील बदलत होता आणि चूक कायम ठेवत होता. मी तपशील कायम ठेवले आणि चूक बदलली, वर तुम्हालाच खरेपणावर व्याख्यानं दिली होती. त्या संध्याकाळी तुमचा फोन आला आणि मी "हो" म्हणाले. तुम्ही म्हणालात, शाब्बास. काही दिवसांनी तुम्ही विचारलंत, संगीताला पुन्हा कामून बोलावलं न्हाई? मी सांगितलं, बजेट नाही.

शेवटची भेट तुमच्या दुकानातली. दुपारची वेळ होती, संगीता तुमच्या शेजारी स्टुलावर बसली होती आणि समोर कोणाचा तरी जुना सदरा उलटा करून ठेवला होता. मला बघून ती उठली आणि काहीतरी निमित्त काढून निघून गेली. तुम्ही म्हणालात, "तिला शिकवून राह्यलोय. नजर चांगली हाय तिची. तव्हा पिशव्यांचं इचारताना चुकले म्हंती. मानती तरी बिचारी." माझ्या लक्षात आलं होतं की तुम्हाला आता काय वाटतंय. मी माझी चूक कबूल केली, तिने तिची, आणि दोघी शहाण्या झालो, असं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण तुम्ही माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होता की ते कौतुक मला सोडवेना. चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. तुम्ही दारापर्यंत आलात.

तेराव्याचं जेवण झाल्यावर मी संगीताच्या घरी गेले. उंबऱ्यातच सगळं सांगितलं, बसायच्या आधी, कारण बसले असते तर पुन्हा इकडचं तिकडचं बोलले असते. पुढच्या कामाला आपल्याला का बोलावलं नाही हे तिला आधीच कळलेलं होतं. ऑफिसातल्या एका मुलीने फोनवर सांगितलं होतं. म्हणजे हे आठ महिने तिला सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग तात्यांना तू चुकलीस असं का सांगितलंस? माझं नाव का नाही घेतलं?

तिने पदराने हात पुसले. "नाव तोंडापर्यंत आल्तं. पन भेटंल त्याला सांगून राह्यले व्हते ना तात्या, आमची वर्षा कशी सवताची चुकी चारचौघात बोलली म्हून. कोन मोडनार त्यांचं? म्हनलं, मीच चुकले."

मी रडले. ती रडली नाही, आणि तिने मला माफ केलं असंही म्हणाली नाही. तसं ती म्हणावी अशी माझी अपेक्षा नाही. आमच्या ऑफिसला पाठवायचं पत्र मी तिच्याच ओसरीवर बसून फोनवर लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं की पहिल्या फेरीतली चूक माझी होती, संगीताताईंचा त्यात काही दोष नाही. ती म्हणाली, एवढं पुरत नाही. मी वावरात चला म्हटलं होतं, ते लिहा. तुम्ही ऐकलं नाही, ते लिहा. मी लिहिलं. तिने फोन हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचलं आणि मग पाठवा म्हणाली. साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं आणि तिला परत बोलावलं तरी ती जाईलच असं नाही, विचार करून सांगते म्हणाली.

तात्या, तुम्ही दुपारच्या दुपार मशीन बंद ठेवून जिला शिकवत होता, तिला ते आधीपासून येत होतं. बाई तोंडावर खरं बोलणार नाही, वावरात जाऊन बघू, हे तुमच्याही आधी मला ती म्हणाली होती. तुमच्या मनातली माझी गोष्ट मोडू नये म्हणून ती स्टुलावर बसून, आधीच येत असलेल्या गोष्टी नव्याने शिकत राहिली. तुम्ही गेलात ते तिला चुकलेली आणि मला खरी समजून. तिची चूक नव्हती, तात्या. माझी होती.

— तुमची वर्षा